न्यायमूर्ती राधाबिनोद पाल आणि टोकियोचे भिन्नमत

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या राजकीय आणि लष्करी नेत्यांवर टोकियो येथे जो खटला चालला, त्याच्या अकरा न्यायाधीशांपैकी सर्व आरोपींना सर्व आरोपांतून मुक्त करावे असे लिहिणारे न्यायाधीश एकच होते आणि ते भारताचे होते. न्यायमूर्ती डॉ. राधाबिनोद पाल यांचे नाव जपानमध्ये अनेकांच्या ओठांवर आहे, तेथे त्यांची स्मारके आहेत. भारतात मात्र ते नाव बहुधा तेव्हाच निघते, जेव्हा एखादा जपानी पंतप्रधान दौऱ्यावर येऊन त्यांचा आदराने उल्लेख करतो. दोन्हीकडे त्यांच्याविषयी जी समजूत रूढ झाली आहे, ती थोडक्यात अशी की पाल यांनी जपानला निर्दोष ठरवले. ही समजूत अपुरी आहे आणि तिने पाल यांच्यावर अन्यायच केला आहे. जपानी सैन्याने अत्याचार केले नाहीत असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. ज्या कायद्याखाली या माणसांना फासावर चढवायचे होते, तो कायदा गुन्हा घडला त्या वेळी अस्तित्वात होता का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचे त्यांनी दिलेले उत्तर समजून घ्यायचे तर त्यांची सारी वैचारिक घडण ध्यानात घ्यावी लागते.

पाल यांचा जन्म २७ जानेवारी १८८६ रोजी अविभाजित बंगालमधील कुश्तिया परिसरातील एका खेड्यात झाला. हा भाग तेव्हा नदिया जिल्ह्यात होता आणि आज तो बांगलादेशात आहे. वडिलांचा आधार लहानपणीच सुटला, घरची गरिबी होती आणि शिक्षण शिष्यवृत्त्या व इतरांच्या मदतीवर झाले. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी गणित हा विषय घेतला आणि १९०८ मध्ये त्यात एम. ए. केले. पुढे अलाहाबाद येथे हिशेब खात्यात कारकुनी करीत असतानाच ते कायद्याच्या अभ्यासाकडे वळले आणि १९११ मध्ये कायद्याचे पदवीधर झाले. असे असूनही जवळजवळ दहा वर्षे त्यांनी मैमनसिंगच्या आनंदमोहन कॉलेजात गणितच शिकवले. त्यांच्या निकालपत्राची मांडणी वाचणाऱ्याला ही दहा वर्षे विसरता येत नाहीत. आधी गृहीतक काय ते स्पष्ट करायचे, मग त्यातून काय निष्पन्न होते आणि काय होत नाही ते एकेक पायरीने दाखवायचे, आणि एखादी पायरी सुटली असेल तर भावनेच्या भरात पुढे जायचे नाही, ही रीत गणिताच्या शिक्षकाची आहे.

१९२० मध्ये कायद्याच्या पदव्युत्तर परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक मिळवला आणि ते कोलकात्यात वकिलीसाठी आले. १९२४ मध्ये कोलकाता विद्यापीठाने त्यांना कायद्याची डॉक्टरेट दिली. प्रबंधाचा विषय होता वेदकाळातील आणि मनुस्मृतीपूर्व काळातील हिंदूंचे कायदाविषयक तत्त्वज्ञान. याच विद्यापीठाच्या प्रतिष्ठेच्या टागोर विधी व्याख्यानमालेसाठी त्यांना तीनदा निवडण्यात आले. त्यांतील एका मालेचा विषय ज्येष्ठाधिकार, म्हणजे गादी किंवा मालमत्ता न वाटता थोरल्या मुलाकडेच जाण्याचा नियम हा होता आणि दुसरीचा हिंदू कायद्याचा इतिहास. मुंबईत महामहोपाध्याय पां. वा. काणे ज्या काळात ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ची उभारणी करीत होते, त्याच काळात कोलकात्यात पाल प्राचीन ग्रंथांतून कायदा या कल्पनेचा माग काढत होते, पुढे दोघेही राष्ट्रीय प्राध्यापक झाले. या अभ्यासातून पाल यांच्या मनात एक विचार पक्का झाला, तो असा की कायदा म्हणजे सत्ताधीशाचा हुकूम नव्हे. तो समाजाच्या मान्यतेतून हळूहळू घडतो, आणि जेथे समाज म्हणावा असे काही अजून उभेच राहिलेले नाही, तेथे कायदाही पूर्णपणे उभा राहिलेला नसतो. टोकियोत त्यांनी राष्ट्रांच्या समुदायाला हीच कसोटी लावली.

त्यांच्या व्यवहारातील कर्तृत्वाची नोंद थोडक्यात घेता येते. आयकर कायद्याचे ते अधिकारी जाणकार मानले जात आणि ब्रिटिश भारत सरकारने त्या विषयावर त्यांचा सल्ला घेतला. १९४१ ते १९४३ या काळात ते कोलकाता उच्च न्यायालयात हंगामी न्यायाधीश होते आणि १९४४ मध्ये कोलकाता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वयाच्या साठाव्या वर्षी, बहुतेक माणसे निवृत्तीचा विचार करू लागतात त्या वेळी, त्यांना टोकियोला जाण्याविषयी विचारणा झाली.

ते न्यायालय कसे उभे राहिले हे येथे सांगितले पाहिजे. २६ जुलै १९४५ च्या पॉट्सडॅम जाहीरनाम्यात दोस्त राष्ट्रांनी बजावले होते की युद्धगुन्हेगारांना कठोर शासन केले जाईल; २ सप्टेंबरला जपानने शरणागतीच्या दस्तऐवजावर सही केली आणि १९ जानेवारी १९४६ रोजी दोस्तांचे सरसेनापती जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी एका आदेशाने ‘अतिपूर्वेसाठीचे आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरण’ स्थापन केले. त्याच्या सनदेत, म्हणजे न्यायाधिकरणाचे अधिकार ठरवणाऱ्या दस्तऐवजात, तीन प्रकारचे गुन्हे नमूद होते. कैद्यांना व नागरिकांना दिलेल्या अमानुष वागणुकीसारखे युद्धनियमांचे भंग हा त्यांतील जुना आणि सर्वमान्य प्रकार होता. नागरी लोकसंख्येविरुद्धचे ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ आणि आक्रमक युद्ध आखणे, सुरू करणे व चालवणे हा ‘शांततेविरुद्धचा गुन्हा’ हे दोन प्रकार जर्मन नेत्यांवरील न्यूरेंबर्ग खटल्याच्या सनदेतून, म्हणजे अवघ्या काही महिन्यांपूर्वी शब्दबद्ध झालेल्या कायद्यातून घेतलेले होते. टोकियोत ज्यांच्यावर आरोप ठेवले गेले, ते मुख्यतः या शेवटच्या गुन्ह्याचे आरोपी होते.

आरंभीच्या योजनेत न्यायाधीश नऊ देशांचे होते आणि त्यांत भारत नव्हता. भारतीय सैनिक मलाया, सिंगापूर आणि ब्रह्मदेशात लढले होते, हजारो जण जपानी छावण्यांत मेले होते. तेव्हा भारताला आणि फिलिपीन्सला जागा मिळालीच पाहिजे असा आग्रह वॉशिंग्टनमध्ये धरण्यात आला, त्यात भारताचे तेथील प्रतिनिधी गिरिजाशंकर बाजपेयी यांचा पुढाकार होता, आणि एप्रिल १९४६ मध्ये सनदेत दुरुस्ती होऊन न्यायाधीशांची संख्या अकरा झाली. म्हणजे पाल यांना टोकियोला पाठवणारे सरकार ब्रिटिश अमलाखालचे होते आणि त्यांनी निकालपत्र दिले तेव्हा देश स्वतंत्र झालेला होता. ३ मे १९४६ रोजी खटला सुरू झाला, तेव्हा पाल अजून पोहोचलेही नव्हते; ते मे महिन्याच्या मध्यात आले. आधी आलेल्या न्यायाधीशांत असे ठरत होते की निकाल एकच आणि एकमुखी असावा, मतभेद बाहेर जाऊ नयेत. पाल यांनी स्वतःला या समझोत्यात बांधून घेण्यास नकार दिला. एका अर्थाने त्यांचे भिन्नमत निकालपत्र, म्हणजे बहुमताशी असहमत न्यायाधीशाने स्वतंत्रपणे लिहिलेला निकाल, त्याच दिवशी सुरू झाले.

टोकियोच्या इचिगाया भागातील माजी युद्ध मंत्रालयाची इमारत हे न्यायालय होते, जेथून युद्ध चालवले गेले त्याच वास्तूत आरोपी बसत. अठ्ठावीस आरोपींपैकी दोघे खटला चालू असताना मरण पावले आणि एकाला मानसिक आजारामुळे वगळण्यात आले, त्यामुळे निकाल पंचवीस जणांचा लागला. आरोपपत्रात पंचावन्न कलमे होती आणि ती १९२८ पासून १९४५ पर्यंतच्या सतरा-अठरा वर्षांच्या घडामोडींना कवेत घेत होती. चारशेहून अधिक साक्षीदार न्यायालयासमोर आले आणि कामकाजाची नोंद अठ्ठेचाळीस हजार पानांच्या वर गेली. न्यायाधीशांची सोय इम्पीरिअल हॉटेलमध्ये होती. पत्नीच्या आजारपणामुळे पाल यांना मध्येच कोलकात्याला जावे लागले आणि त्यांची अनुपस्थिती इतरांपेक्षा जास्त भरली. हा त्यांच्यावरचा एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. मात्र टंकलिखित बाराशेहून अधिक पानांच्या त्यांच्या निकालपत्रात कामकाजाच्या नोंदींचा जो बारकाईने उपयोग केला आहे, तो पाहता त्यांनी खटला वाचून काढला नव्हता असे कोणी म्हणू शकत नाही.

या निकालपत्राचा पाया एका साध्या प्रश्नावर आहे. जेत्या राष्ट्रांनी न्यायाधिकरण नेमले, हे पाल यांनी मान्य केले. युद्धनियम मोडणाऱ्या शत्रुसैनिकांवर खटला चालवण्याचा जेत्याचा अधिकार जुना आहे, हेही त्यांनी मान्य केले. परंतु न्यायालय नेमणे वेगळे आणि गुन्हा निर्माण करणे वेगळे. सनदेने न्यायाधिकरणाला काय तपासायचे ते सांगितले, पण जी कृती १९३१ किंवा १९४१ मध्ये गुन्हा नव्हती, तिला १९४६ मध्ये गुन्हा ठरवण्याचा अधिकार सनद लिहिणाऱ्या सेनापतीला कोणी दिला? कृती घडून गेल्यावर केलेला आणि मागील तारखेपासून लागू केलेला कायदा म्हणजे पूर्वलक्षी कायदा. फौजदारी बाबतीत तो सर्व सुसंस्कृत न्यायपद्धतींना अमान्य आहे, कारण माणसाला आपले कृत्य गुन्हा आहे की नाही हे ते करण्याआधी कळण्याची सोय असली पाहिजे. बहुमताच्या मते सनद न्यायाधीशांना बंधनकारक होती, तेव्हा प्रश्नच मिटत होता. पाल यांच्या मते तसे असेल तर तो खटला उरत नाही. जेत्याने जिताला शिक्षा देण्याचा जुनाच प्रकार न्यायाच्या पोशाखात उभा राहतो, आणि पोशाख बदलल्याने सूड न्याय होत नाही.

मग १९२८ ते १९४१ या काळात आक्रमक युद्ध हा गुन्हा होता का? फिर्यादी पक्षाचा मुख्य आधार २७ ऑगस्ट १९२८ रोजी पॅरिसमध्ये झालेला केलॉग–ब्रियाँ करार हा होता. त्यात सही करणाऱ्या राष्ट्रांनी, जपानसह, राष्ट्रीय धोरणाचे साधन म्हणून युद्धाचा त्याग केला होता. पाल यांनी कराराच्या शब्दांइतकाच तो करताना झालेला पत्रव्यवहार तपासला. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री फ्रँक केलॉग यांनी जून १९२८ च्या आपल्या पत्रात स्पष्ट केले होते की स्वसंरक्षणाचा हक्क अबाधित आहे आणि स्वसंरक्षणासाठी युद्ध आवश्यक आहे की नाही हे प्रत्येक राष्ट्राने स्वतःच ठरवायचे आहे. पाल यांचा युक्तिवाद येथे सर्वांत धारदार होतो. ज्या नियमाचा भंग झाला की नाही हे आरोपीनेच ठरवायचे असते, तो नियम नीतीचा असू शकेल, कराराचाही असू शकेल, पण त्याच्या भंगासाठी माणसाला फाशी देता येईल असा तो फौजदारी कायदा नव्हे. शिवाय करारात शिक्षेची तरतूद नव्हती आणि राष्ट्राच्या कृतीसाठी त्याच्या मंत्र्याला किंवा सेनापतीला व्यक्तिशः जबाबदार धरण्याचा उल्लेखही नव्हता. ‘आक्रमण’ या शब्दाची व्याख्याच जगाला करता आलेली नव्हती, आणि अशा अव्याख्यात शब्दावर फौजदारी कायदा उभारणे त्यांना धोक्याचे वाटले, कारण अशा वेळी आक्रमक कोण याचे उत्तर रणांगणावर ठरते: जो हरला तो.

फिर्यादी पक्षाचा दुसरा मोठा आधार ‘कट’ हा आरोप होता. १९२८ पासून सर्व आरोपींनी मिळून आशिया व पॅसिफिक प्रदेशावर प्रभुत्व मिळवण्याचा एकच व्यापक कट रचला, असे आरोपपत्र म्हणत होते. गुन्हा प्रत्यक्ष घडला नाही तरी तो करण्याचे संगनमत हाच गुन्हा, ही कल्पना मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्यातील आहे. ती आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग केव्हा झाली, असे पाल विचारतात. त्यांनी घटनाही तपासल्या. त्या सतरा वर्षांत जपानमध्ये मंत्रिमंडळे एकामागून एक कोसळली, लष्कर आणि नौदल आपसांत झगडत होते, पंतप्रधानांच्या हत्या झाल्या. आरोपींपैकी काही जण एकमेकांचे राजकीय शत्रू होते. एवढ्या विसंगत माणसांनी एवढा काळ एकच आराखडा राबवला हे मानण्यापेक्षा, एका घटनेतून दुसरी घडत गेली असे मानणे पुराव्याला अधिक धरून आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. आज अनेक इतिहासकारही १९२८ पासूनचा एकसंध कट मान्य करीत नाहीत, ही गोष्ट पाल यांच्या बाजूची आहे.

युद्धातील अत्याचारांविषयीचा भाग मात्र फार थोड्यांनी वाचलेला दिसतो आणि तोच सर्वांनी वाचायला हवा. डिसेंबर १९३७ मध्ये चीनची तेव्हाची राजधानी नानजिंग जपानी सैन्याच्या हाती पडल्यावर तेथे जे झाले, त्याविषयी पाल यांनी काही साक्षींमध्ये अतिशयोक्ती असल्याची शंका व्यक्त केली, परंतु लगेच पुढे लिहिले की पुराव्याविरुद्ध जे काही म्हणता येईल ते सारे वजा केले तरी जपानी सैनिकांनी नागरिकांवर आणि काही ठिकाणी युद्धकैद्यांवरही अत्याचार केले याचा पुरावा प्रचंड आहे. फिलिपीन्समधील बतान येथे कैद्यांना उपाशीपोटी चालवत नेऊन मारल्याचा प्रकारही त्यांनी क्रूर म्हणूनच नोंदवला. प्रश्न होता तो टोकियोच्या पिंजऱ्यातील पंचवीस जणांनी याचे आदेश दिले होते का, किंवा जाणूनबुजून ते होऊ दिले का, हा. प्रत्यक्ष अत्याचार करणाऱ्यांना ठिकठिकाणच्या दोस्तांच्या लष्करी न्यायालयांनी आधीच शिक्षा दिल्या होत्या, आणि त्या शिक्षांना पाल यांचा विरोध नव्हता. नानजिंगवर चाल करून गेलेल्या सैन्याचे सेनापती इवाने मात्सुई यांनी शिस्तीचे हुकूम दिले होते, ते निष्फळ ठरले. पाल यांच्या मते हुकूम निष्फळ ठरणे आणि जबाबदारी हेतुतः झुगारणे या दोन गोष्टी एक नव्हेत. बहुमताने मात्सुई यांना फाशी दिली.

येथे पाल यांच्याशी असहमत होण्यास जागा आहे, आणि ती मोठी आहे. हजारो माणसे आठवडेच्या आठवडे मारली जात असताना सेनापतीचे काम केवळ हुकूम काढून संपते काय, हा प्रश्न त्यांच्या उत्तराने मिटत नाही. पुढील काळात आंतरराष्ट्रीय कायद्याने वरिष्ठांच्या जबाबदारीची जी कल्पना विकसित केली, ती बहुमताच्या बाजूने गेली. मांचुरियातील आणि चीनमधील जपानच्या हालचालींचे मूल्यमापन करतानाही पाल यांनी जपानच्या स्पष्टीकरणांना, विशेषतः साम्यवादाच्या भीतीला, नको इतके वजन दिले. पाश्चात्त्य साम्राज्यवादाकडे त्यांनी ज्या करड्या नजरेने पाहिले, ती नजर कोरिया आणि चीनच्या भूमीवरील आशियाई साम्राज्यवादाकडे वळताना मऊ होते. त्यांच्या निकालपत्रातील ही खरी उणीव आहे. ती सांगितल्याने त्यांच्या मुख्य युक्तिवादाचे वजन घटत नाही.

तो युक्तिवाद आशियातून आला होता म्हणूनच त्याला वेगळी धार होती. ज्या वर्षांत हा खटला चालला त्याच वर्षांत हॉलंड इंडोनेशियात आणि फ्रान्स इंडोचायनात आपल्या वसाहती बळाने परत मिळवण्यासाठी लढत होते, आणि दोघांचेही न्यायाधीश टोकियोच्या बाकावर होते. सोव्हिएत रशियाने एप्रिल १९४१ चा जपानबरोबरचा तटस्थतेचा करार असताना ऑगस्ट १९४५ मध्ये जपानवर चढाई केली होती. त्याचाही न्यायाधीश त्या बाकावर होता. पाल यांचे म्हणणे असे की आधीच्या शतकांत बळाने जे मिळवले त्याला कायद्याचे कवच द्यायचे आणि पुढच्या बळाच्या वापराला गुन्हा ठरवायचे, तर जगातील निम्म्या माणसांना गुलामगिरी कायमची स्वीकारावी लागेल. अणुबाँबविषयी त्यांनी लिहिले तेही याच संदर्भात. पहिल्या महायुद्धात जर्मन कैसरने सर्व काही आगीच्या आणि तलवारीच्या हवाली करण्याची भाषा केली होती. पॅसिफिकच्या युद्धात या भाषेच्या जवळ जाणारी एकच गोष्ट आढळते आणि ती म्हणजे अणुबाँब वापरण्याचा निर्णय, असे त्यांनी नोंदवले. अमेरिकी सेनापतीने नेमलेल्या न्यायालयात, अमेरिकी सैन्याच्या ताब्यातील शहरात बसून हे लिहिणे सोपे नव्हते.

नोव्हेंबर १९४८ मध्ये, ४ ते १२ तारखांदरम्यान, बहुमताचा निकाल वाचण्यात आला. माजी पंतप्रधान हिदेकी तोजो यांच्यासह सात जणांना फाशी, सोळा जणांना जन्मठेप आणि दोघांना मुदतीची कैद झाली. २३ डिसेंबरला फाशी अमलात आली. पाल अगदीच एकटे नव्हते. हॉलंडचे रॉलिंग यांनी काही आरोपींना निर्दोष ठरवले आणि फ्रान्सचे बर्नार यांनी खटल्याच्या कार्यपद्धतीवर व जपानच्या सम्राटाला आरोपींतून वगळण्यावर आक्षेप घेतला. उलट फिलिपीन्सचे हारानिल्या यांना शिक्षा सौम्य वाटल्या. ही भिन्नमते आहेत एवढेच न्यायालयात जाहीर झाले, ती वाचली गेली नाहीत, आणि पाल यांचे निकालपत्र अमेरिकी अंमल संपेपर्यंत जपानमध्ये छापता आले नाही. भारत सरकारही अवघडले. पंतप्रधान नेहरूंना त्यातील बरीच विधाने पटली नव्हती आणि ते सरकारचे मत नव्हे, हे त्यांनी स्पष्ट केले; मात्र शिक्षेच्या फेरविचाराच्या वेळी मृत्युदंडाऐवजी जन्मठेप द्यावी, असे मत भारतीय प्रतिनिधीने मॅकआर्थर यांच्यापुढे मांडले.

पाल यांनी निकालपत्राचा शेवट जेफरसन डेव्हिस यांच्या शब्दांनी केला होता, आणि डेव्हिस हे अमेरिकेच्या यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेच्या राज्यांचे नेते होते. काळाने राग आणि पूर्वग्रह निवळतील तेव्हा न्याय तराजू समतोल धरील, अशा आशयाचे ते शब्द आज टोकियोच्या यासुकुनी मंदिराच्या आवारातील पाल यांच्या स्मारकाशी जोडलेले आहेत. २००५ मध्ये उभारलेल्या या स्मारकाची जागा बोलकी आहे, कारण याच मंदिरात फाशी गेलेल्यांचीही युद्धवीर म्हणून पूजा होते. तेथे पाल यांचे नाव युद्धाच्या समर्थनासाठी वापरले जाते. प्रत्यक्षात १९५२ मध्ये ते हिरोशिमातील जागतिक संघराज्यवादी परिषदेसाठी आले, तेव्हा त्यांनी जपानच्या पुन्हा शस्त्रसज्ज होण्याला विरोध केला होता. त्याच भेटीत त्यांनी हिरोशिमाच्या स्मृतिशिलेवरील ‘चूक पुन्हा होणार नाही’ या अर्थाच्या वाक्याला हरकत घेतली; बाँब जपान्यांनी टाकला नव्हता, मग ही चूक कोणाची, असा त्यांचा सवाल होता. ते वाक्य लिहिणारे प्राध्यापक साइका यांनी त्यांना पत्र पाठवून कळवले की येथे बोलते आहे ती सारी मानवजात. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. २००७ मध्ये जपानी अभ्यासक नाकाजिमा ताकेशी यांनी पाल यांच्यावरील पुस्तकात दाखवून दिले की त्यांच्या निकालपत्रातील सोयीचे तुकडे उचलून त्यांना युद्धसमर्थक बनवले गेले आहे, आणि त्यावरून जपानमध्ये मोठा वाद झाला. २०१६ च्या ‘टोकियो ट्रायल’ या मालिकेत इरफान खान यांनी पाल यांची भूमिका केली, तेव्हा अनेक भारतीय प्रेक्षकांना हे नाव प्रथम कळले.

भारतात परतल्यावर पाल यांचे काम थांबले नाही. १९५२ पासून १९६६ पर्यंत ते संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचे सदस्य होते. देशोदेशींच्या कायदेपंडितांचा हा आयोग रूढ आंतरराष्ट्रीय नियमांना लिखित मसुद्याचे रूप देतो आणि मग राष्ट्रे त्यावर करार करतात. १९५८ आणि १९६२ मध्ये पाल त्याचे अध्यक्ष होते. १९५८ च्या अधिवेशनात राजनैतिक संबंधांविषयीचा मसुदा पक्का झाला, ज्यातून १९६१ चा व्हिएन्ना करार आला. परदेशी वकिलातीला आणि राजदूताला आज जे संरक्षण मिळते ते याच कराराने. टोकियोत ज्या माणसाने आंतरराष्ट्रीय कायदा अजून अपुरा आहे असे सांगितले, त्यानेच पुढची चौदा वर्षे तो पुरा करण्यात घालवली, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनी आणि भक्तांनी सारखीच दुर्लक्षिली आहे. १९५९ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले आणि १० जानेवारी १९६७ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

त्यांनी ज्या व्याख्येचा अभाव दाखवला होता, ती आक्रमणाची व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १४ डिसेंबर १९७४ रोजी स्वीकारली. १९९८ च्या रोम करारातून कायमचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय जन्माला आले, आणि त्या कराराने आक्रमणाचा गुन्हा यादीत घेतला तरी व्याख्येअभावी तो बाजूला ठेवला. २०१० मध्ये कंपाला येथे व्याख्या ठरली आणि १७ जुलै २०१८ पासून न्यायालयाला तो गुन्हा तपासण्याचा अधिकार मिळाला. या कायद्यात तो मागील तारखेपासून लावता येत नाही, म्हणजे पाल यांचा पहिला आक्षेप जगाने मान्य केला आहे. ज्या राष्ट्रांनी करार स्वीकारलेला नाही, त्यांच्या नागरिकांना आक्रमणाच्या गुन्ह्याच्या बाबतीत, सुरक्षा परिषदेने प्रकरण सोपवल्याखेरीज, हे न्यायालय हात लावू शकत नाही, म्हणजे त्यांचा दुसरा आक्षेप, सर्वांना एकच कायदा असावा हा, अजून उभाच आहे. टोकियोच्या बाकावर ज्या अकरा देशांचे न्यायाधीश बसले होते, त्यांपैकी अमेरिका, रशिया, चीन आणि भारत हे चार देश या न्यायालयाचे सदस्य कधीच झाले नाहीत, आणि पाचवा, फिलिपीन्स, २०१९ मध्ये त्यातून बाहेर पडला.